घाटात दम सोडणारी गाडी आणि हवेचा हिशेब

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे वळलं की थोड्याच अंतरावर आंबेनळी घाट लागतो. पोलादपूर सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी, समुद्रसपाटीच्या फारसं वर नाही, आणि महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटरवर. मधलं अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास. एवढ्या अंतरात एवढी चढण म्हणजे इंजिनाची कसून परीक्षाच. महाड-पोलादपूरच्या गॅरेजांत एक तक्रार वरचेवर ऐकू येते ती या घाटामुळे आणि पलीकडच्या वरंध घाटामुळे: "सपाटीला गाडी झकास पळते हो, पण चढ लागला की ओढतच नाही." जोडीला कधी काळा धूर असतो, कधी गाडी उभी असताना इंजिन थरथरतं, कधी ॲव्हरेज पडलेलं असतं, आणि कधी डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला असतो.

अशा गाडीत संशय घ्यायला जागा पुष्कळ असतात. क्लच घासला असेल, डिझेलचा फिल्टर तुंबला असेल, इंजेक्टर गेला असेल, टर्बो थकला असेल. यांतली प्रत्येक शंका खर्चाची. पण खोट अनेकदा याहून फार साध्या जागी असते, एअर फिल्टरच्या डब्यातून निघणाऱ्या पाइपात बसवलेल्या बोटाएवढ्या सेन्सरवर. तो काढून धुतला की गाडी पुन्हा ओढायला लागते, असा अनुभव मिस्त्री लोकांच्या गाठीशी असतो. माझं म्हणणं त्याच्या एक पाऊल पुढचं आहे. सेन्सर बदलण्याआधी तो साफ करून बघावा हे खरंच, पण साफ करण्याआधी तो घाण कशाने झाला हे शोधावं. नेमकं हेच बहुतेक वेळा राहून जातं, आणि मग दोन महिन्यांनी तीच गाडी त्याच तक्रारीसह परत दारात उभी राहते.

मुळात इंजिनाला हवा मोजायची गरज काय? पेट्रोल पूर्ण जळायचं तर एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोल भरतं पाऊण किलोच्या आतबाहेर, म्हणजे त्याला जवळजवळ अकरा किलो हवा हवी. आपल्याकडे हवेच्या एका घनमीटरचं वजन सव्वा किलोच्या थोडं खाली असतं. हिशेब केला तर एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा इंजिन ओढून घेतं. पोलादपूर ते महाबळेश्वर चढताना एखाद्या गाडीने चार लिटर पेट्रोल जाळलं, तर तेवढ्यात छत्तीस हजार लिटर हवा त्या फिल्टरमधून आणि त्या पाइपातून गेली. इंजिनाचा संगणक, ज्याला गॅरेजात सगळे ईसीएम म्हणतात, पेट्रोल किती सोडायचं हे या हवेवरूनच ठरवतो. आणि ती मोजायची लिटरात नव्हे, वजनात. कारण जळण्याच्या कामी येतो तो ऑक्सिजन, आणि एका लिटर हवेत तो किती सापडेल हे ती हवा दाट की विरळ यावर ठरतं.

घाटात नेमकं हेच बदलतं. महाबळेश्वरच्या उंचीवर हवेचा दाब महाडपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी असतो. वरची हवा थंड असल्याने थोडी भरपाई होते, तरी प्रत्येक लिटर हवेचं वजन दहा-बारा टक्क्यांनी उतरलेलंच असतं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना याचा पत्ता नसे. ॲम्बॅसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी घाटमाथ्यावर पोचेपर्यंत हवा विरळ झालेली असे, पेट्रोलचं प्रमाण मात्र त्या मानाने उतरत नसे. मिश्रण जड होई, प्लग काळे पडत, आणि सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येई. आपल्या रस्त्यांवर २००० सालाच्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, तसा कार्ब्युरेटर मागे पडून इंजेक्शनची इंजिनं आली, आणि त्यांच्याबरोबर हवा मोजणारे सेन्सरही आले.

हे सेन्सर मुख्यतः दोन प्रकारचे. एक थेट वाहती हवा मोजतो. त्याला मास एअर फ्लो सेन्सर म्हणतात, गॅरेजच्या बोलीत नुसतं 'एअर फ्लो' किंवा 'मॅफ'. दुसरा इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजतो. तो 'मॅप'. त्या दाबावरून, हवेच्या तापमानावरून आणि इंजिनाच्या फेऱ्यांवरून संगणक हवेचं वजन काढतो. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत फक्त मॅप असतो. कॉमन रेल डिझेल गाड्यांत बहुधा मॅफही असतो, कारण त्यांना आणखी एक हिशेब ठेवायचा असतो. जळालेल्या धुराचा काही भाग ईजीआर व्हॉल्व्हमधून परत इंजिनात सोडला जातो. तो किती सोडला हे कळायला ताजी हवा किती आली हे मोजावं लागतं. म्हणून पाना उचलण्याआधी आपल्या गाडीत नेमका कुठला सेन्सर आहे हे बघावं. नसलेला एअर फ्लो शोधत अर्धं बॉनेट उसकटण्यात अर्थ नाही.

मॅफची युक्ती फार देखणी आहे. गरम चहाच्या बशीवर फुंकर मारली की चहा निवतो, जोरात मारली तर लवकर निवतो. इथे चहाच्या जागी तापवलेली तार आहे. बॉश कंपनीने १९८१च्या सुमारास गाड्यांत आणलेल्या सेन्सरमध्ये प्लॅटिनमची जेमतेम ०.०७ मिलिमीटर जाडीची तार हवेच्या वाटेत ताणून बसवलेली असे. आत येणाऱ्या हवेपेक्षा ती ठरावीक अंशांनी गरम ठेवायची, एवढंच काम विजेच्या मंडलाला असतं. हवा जास्त आली की तार निवते, ती पुन्हा तापवायला जास्त करंट लागतो, आणि त्या करंटवरून हवेचं वजन कळतं. विरळ हवा तार कमी निववते. म्हणून उंचीचा हिशेब त्यात आपोआप येतो, वेगळा करावा लागत नाही. त्या जुन्या तारेवर धूळ बसायची, म्हणून इंजिन बंद केल्यावर तार क्षणभर हजारेक अंश सेल्सिअसपर्यंत तापवून धूळ जाळून टाकायची सोयही केलेली होती. पुढे तारेऐवजी पातळ थराची पट्टी आली. आजच्या सेन्सरमध्ये एका अरुंद बोळकंडीतून हवेचा छोटासा हिस्सा जातो. तिथे मधे तापलेला ठिपका आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तापमान मोजणारे ठिपके असतात. पुढच्या आणि मागच्या ठिपक्याच्या तापमानातला फरक बघून हवा किती आणि कुठल्या दिशेने जाते हे दोन्ही समजतं. हा सगळा कारभार नखाहून लहान जागेत चालतो, आणि त्याचा थर इतका पातळ असतो की कापसाचा बोळा लागला तरी तो खरवडला जाईल.

या पट्टीवर धूळ-तेलाचं पुट चढलं की ती गोधडी पांघरल्यासारखी वागते, असं वर्णन मी करणार नाही, कारण होतं ते थोडं वेगळं. घाण बसलेला सेन्सर इंजिन नुसतं सुरू असताना, हवा थोडी असताना, बहुधा खऱ्यापेक्षा जास्त हवा सांगतो आणि जोर लावल्यावर खऱ्यापेक्षा कमी. म्हणून तक्रार नेमकी घाटात येते. डिझेल गाडीत संगणकाला 'हवा कमी आहे' असं कळलं की धूर होऊ नये म्हणून तो डिझेल आवरतं घेतो. तुम्ही ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलात तरी इंधन मिळत नाही, मग गाडी ओढणार कशी? पेट्रोल गाडीत मिश्रण कोरडं पडतं, गाडी झटके देते. सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर चूक ओळखून इंधन वाढवायला लावतो, पण त्याच्या दुरुस्तीलाही मर्यादा असते. ती ओलांडली की पिवळा दिवा लागतो.

आता मूळ प्रश्न. महाड-पोलादपूरच्या गाड्यांत ही घाण येते कुठून? पहिलं कारण डोळ्यांना दिसणारं. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये पनवेलच्या बाजूने सुरू झालं आणि टप्प्याटप्प्याने खाली सरकत वर्षानुवर्षं चाललं. खोदलेला डोंगर, खडी, मुरूम, आणि त्यावरून धावणारे डंपर. उन्हाळ्यात इथली तांबडी धूळ दारं-खिडक्या बंद केलेल्या घरातही शिरते. एअर फिल्टरचा कागद ती बहुतेक सगळी अडवतो, पण फिल्टर डब्यात नीट बसला असेल तरच. झाकणाची एक क्लिप तुटलेली, रबरी कड दुमडलेली, किंवा माप थोडंसं वेगळं असलेला स्वस्तातला फिल्टर कोंबून बसवलेला असला, तर धूळ त्या फटीतून सरळ सेन्सरवर येते.

दुसरं कारण पावसाचं. पोलादपूर तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्या चार महिन्यांत फिल्टरचा कागद सतत दमट राहतो, बारीक धूळ त्यावर लगदा होऊन बसते आणि हवेला अडवते. शिवाय पावसाळ्यात उंदरांना कोरडी, उबदार जागा हवी असते, आणि बॉनेटखालच्या फिल्टरच्या डब्यासारखी जागा त्यांना दुसरी मिळत नाही. डबा उघडल्यावर आत भाताचं तूस, कागदाचे कपटे आणि कुरतडलेला फिल्टर निघणं ही कोकणातल्या गॅरेजात नवलाची गोष्ट नाही. त्या कुरतडलेल्या भोकातून आत गेलेला कचरा आधी सेन्सरच्या जाळीवर अडकतो.

तिसरं कारण आतलं. इंजिनाच्या तेलाची वाफ एका नळीने परत हवेच्या पाइपात सोडलेली असते. इंजिन तापून बंद झालं की ती वाफ पाइपात मागे पसरते आणि सेन्सरवर बसते. तेल पातळीच्या वर भरलेलं असेल किंवा इंजिन झिजून वाफ जास्त मारत असेल, तर हे लवकर होतं. धुऊन पुन्हा वापरायच्या, तेल लावलेल्या हौशी फिल्टरांनीही हाच प्रकार होतो. तेलाचा ओशटपणा आणि वरून तांबडी धूळ, दोन्ही मिळून पुट घट्ट बसतं.

मॅपचं दुखणं निराळं. तो मॅनिफोल्डवर बसतो, आणि डिझेल गाडीत तिथे ईजीआरची काजळी आणि तेलाची वाफ एकत्र येऊन डांबरासारखा थर होतो. सेन्सरचं इवलंसं भोक त्यात बुजतं. त्याची परीक्षा मात्र आपल्या भागात फार सोपी आहे. गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा स्कॅनर लावून, इंजिन सुरू न करता, नुसती चावी फिरवावी. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेएवढाच असणार. महाडला तो १०० किलोपास्कलच्या आसपास दिसायला हवा, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. महाडला उभ्या गाडीत ८८ दिसले, तर सेन्सर खोटं बोलतोय हे पाना न लावता कळलं.

स्कॅनर नुसता कोड वाचायला वापरू नये. पी ०१०१ हा कोड आला की 'एअर फ्लो गेला' म्हणून लगेच नवीन मागवला जातो. त्या कोडचा अर्थ एवढाच की सेन्सरचा आकडा संगणकाच्या अपेक्षेत बसत नाही. आकडा चुकीचा असेल, किंवा आकडा खरा असून हवाच वाट चुकली असेल. टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाइप चिरला, की सेन्सरने मोजलेली हवा इंजिनात पोचण्याआधी बाहेर निसटते. संगणक मोजलेल्या हवेच्या हिशेबाने डिझेल सोडतो, हवा कमी पडते, आणि काळा धूर निघतो. इथे सेन्सर खरं बोलतोय आणि शिक्षा त्यालाच होतेय. पाइपाच्या जोडावर तेलाचा ओला डाग दिसला, चढावर 'फुस्स' आवाज आला, तर आधी तो पाइप बघावा. थेट आकडे वाचले तर बरंच उलगडतं. १.२ लिटरच्या पेट्रोल इंजिनात एअर फ्लो असेल, तर गरम इंजिन नुसतं चालू असताना सेकंदाला दोन-तीन ग्रॅम हवा आणि पूर्ण जोरात पन्नासच्या आसपास, असा साधारण अंदाज धरावा. अशा गाडीत वरचा आकडा तीसवरच अडकला, फिल्टर साफ आहे आणि गळती नाही, तर संशय सेन्सरवर.

मग हात घालायचा. इंजिन पूर्ण थंड, चावी काढलेली, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवलेली. सेन्सरच्या कपलरची खटकी आधी सोडवावी, मग कपलर धरून ओढावा. वायरला धरून कधीच नाही, कारण उन्हा-पावसाने कडक झालेलं प्लॅस्टिक तुटलं तर कपलर बदलण्याचा नवा खर्च ओढवतो. सेन्सर बऱ्याचदा दोन स्क्रूंवर असतो, डोक्याला सहा टोकांच्या चांदणीची खाच, काहींत मधे टाचणीही. साधा स्क्रू ड्रायव्हर दामटला की खाच झिजते, म्हणून योग्य बिटच हवा. सेन्सर वर खेचायला जागा नसेल, तर हवेचा पाइपच काढावा लागतो: फिल्टरच्या डब्याकडची क्लिप ढिली, थ्रॉटल किंवा टर्बोकडची क्लिप ढिली, तेलाच्या वाफेची बारीक नळी सोडवायची, आणि पाइप पिळत पिळत बाहेर. पाइप निघाला की इंजिनाकडचं उघडं तोंड स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या फडक्याने लगेच बुजवावं. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. त्यात पडलेला एक वायसर अख्खा टर्बो खाऊन टाकतो.

काढलेला पाइप उजेडात धरावा. कारण शोधायचं ते इथे. आतल्या बाजूला तांबड्या धुळीची रेघ दिसली, तर फिल्टरच्या आसपास फट आहे. रेघ कुठून सुरू होते ते बोट फिरवून बघितलं की फट सापडते. काळा ओशट थर असेल, तर तेलाची वाफ. घड्यांमध्ये चिरा असतील, तर त्या पाइप दाबून उघडल्याशिवाय दिसत नाहीत. मॅफनंतरच्या या हवा ओढणाऱ्या पाइपाला चीर असली की न मोजलेली हवा आत शिरते, आणि कितीही धुतलेला सेन्सर तिचा हिशेब देऊ शकत नाही.

सेन्सर धुवायला त्याच्यासाठीच मिळणारा स्प्रे वापरावा. तो उडून जातो, मागे डाग ठेवत नाही. कार्ब्युरेटर क्लीनर, ब्रेक क्लीनर, पेट्रोल, रॉकेल यांतलं काही नाही. काही प्लॅस्टिक आणि चिकट थर विरघळवतात, काही स्वतःचाच पापुद्रा मागे ठेवतात. थोड्या अंतरावरून दहा-पंधरा फवारे, सेन्सर तिरका धरून, म्हणजे घाण ओघळून खाली जाईल. बोट, ब्रश, कापूस लावायचा नाही. कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, तिच्या दाबाने पट्टी फाटते. स्प्रे ज्वालाग्राही असतो, तेव्हा उघड्यावर काम करावं आणि जवळपास बिडी, काडी, वेल्डिंग नको. नंतर सेन्सर पूर्ण सुकू द्यावा. पावसाळ्यात अर्धा-पाऊण तास लागला तरी चालेल. ओल्या पट्टीला करंट दिला तर धुतल्याचा फायदाच उरत नाही.

बसवताना सेन्सरवरचा बाण हवेच्या दिशेने, म्हणजे इंजिनाकडे, असायला हवा. रबरी रिंग वाकडी झाली असेल तर नवी घालावी. क्लिप घट्ट, पण प्लॅस्टिक चेपेल इतकी नाही. थ्रॉटल बॉडी इलेक्ट्रॉनिक असेल आणि तिची झडप काजळीने चिकट झाली असेल, तर ती पुसता येते, पण चावी चालू ठेवून ती बोटाने ढकलू नये. आतल्या मोटरचे दात तुटतात.

एका प्रसंगी मात्र हे सगळं करायचं नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड बुडालं. सावित्री नदी महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावते, आणि त्या दिवसांत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. ते पाणी पोलादपूरवरून महाडला उतरलं, गांधारी नदीचं पाणी त्याला मिळालं, आणि बाजारपेठ पाण्याखाली गेली. दारात, पार्किंगमध्ये उभ्या गाड्या बुडाल्या. अशा गाडीची चावी फिरवून बघायचा मोह सगळ्यांना होतो, आणि इंजिन मरतं ते त्यामुळेच. बऱ्याच छोट्या गाड्यांचं हवा ओढायचं तोंड पुढच्या जाळीच्या मागे, दिव्यांच्या उंचीवर असतं. त्यातून आत गेलेलं पाणी सिलिंडरमध्ये साठतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून बुडालेल्या गाडीत आधी बॅटरी सोडवायची आणि फिल्टरचा डबा उघडायचा. फिल्टर ओला असेल, डब्यात गाळाची रेघ असेल, तर गाडी सुरू करू नये, ढकलूनही नाही, ओढून गॅरेजात न्यावी. सिलिंडर कोरडे करणं, तेल बदलणं हे आधीचं. गाळाच्या पाण्यात बुडालेला सेन्सर तर स्प्रेने जगवायचा प्रयत्नही करू नये. गाळ त्याच्या बोळकंडीत वाळून बसतो आणि पाणी आतल्या सर्किटमध्ये गेलेलं असतं. तो बदलावाच लागतो.

साध्या धुळीने घाण झालेला सेन्सर धुऊन बसवल्यावर जुना कोड पुसावा आणि गाडी चालवून बघावी. जुन्या, चुकीच्या आकड्यांवरून संगणकाने इंधनाची दुरुस्ती शिकून ठेवलेली असते. ती विसरून नवी शिकायला त्याला थोडी चाल द्यावी लागते, तेव्हा पहिल्या दोन किलोमीटरांत निकाल लावू नये. पोलादपूरकरांना चाचणीसाठी लांब जायची गरज नाही. आंबेनळीच्या चढावर, शेजारी दुसऱ्याला स्कॅनर घेऊन बसवून, तिसऱ्या गिअरमध्ये जोर लावला की हवेचा आकडा कुठवर चढतो ते दिसतं. धुण्याआधी लिहून ठेवलेल्या आकड्याशी तो ताडून बघावा. आकडा हलला नाही आणि गळतीही सापडली नाही, तर सेन्सर खरोखर गेलेला आहे. नवा घेताना जुन्यावरचा पार्ट नंबर जसाच्या तसा जुळवून घ्यावा. दिसायला सारखा आणि कपलरला बसणारा सेन्सर दुसऱ्या व्यासाच्या पाइपासाठी जुळवलेला असेल, तर तो पहिल्या दिवसापासून हवा चुकीची सांगतो, आणि त्याला धुऊन काही उपयोग होत नाही.